ऑर्डर आली म्हणजे विक्री झाली नव्हे

संपादक महोदय,

सणासुदीच्या तोंडावर फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिराती लावणाऱ्या छोट्या दुकानदारांसाठी हे पत्र. सोलापुरात चादरी, टॉवेल आणि शेंगाचटणी विकणाऱ्या काही जणांच्या जाहिराती मी सांभाळते.

जाहिरातीतून विक्री किती झाली हे मोजायला संकेतस्थळावर ‘पिक्सेल’ हा छोटा कोड असतो. तो कधीतरी कोणीतरी बसवून दिलेला असतो. पुढे त्याकडे कोणी पाहत नाही. मात्र एप्रिल 2021 मध्ये आयफोनच्या आयओएस 14.5 पासून ग्राहकाला विचारल्याशिवाय ॲपला त्याचा माग काढता येत नाही, आणि काही ब्राउझरही कुकीज (ग्राहकाला ओळखण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) अडवतात. त्यामुळे एकट्या पिक्सेलचा हिशेब तोकडा पडतो. फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिच्या ‘कन्व्हर्जन्स एपीआय’ या सोयीतून विक्रीची नोंद थेट संकेतस्थळाच्या सर्व्हरवरून पाठवता येते. मात्र दोन्हीकडच्या नोंदीला एकच इव्हेंट आयडी (नोंदीचा ओळख क्रमांक) हवा, नाहीतर एकच चादर दोनदा विकलेली दिसू शकते. नोंदीसोबत पाठवलेल्या ग्राहकाच्या मोबाइल क्रमांकाआधी 91 लावायचे राहिले, तर तो मेटाकडच्या खात्याशी जुळणेही कठीण.

एवढे कोणताही जाणकार दुरुस्त करून देईल. मला खरी चिंता आहे ती कॅश ऑन डिलिव्हरीची. ग्राहकाने ऑर्डरचे बटण दाबले की ‘पर्चेस’ची, म्हणजे खरेदीची, नोंद होते. पुढे पार्सल दारातूनच परत येते. कुरिअरचा जाण्यायेण्याचा खर्च दुकानदाराच्या माथी, आणि चटणीचे पाकीट तर पुन्हा विकायच्या लायकीचे राहत नाही. जाहिरातीच्या अहवालात मात्र ती विक्रीच! शिवाय जाहिरात कोणाला दाखवायची हे ठरवणारी मेटाची यंत्रणा याच नोंदींवरून शिकते, म्हणजे पार्सल नाकारणाऱ्यांसारखीच आणखी माणसे शोधत राहते. अहवालात चौपट परतावा आणि गल्ल्यात खडखडाट, अशी स्थिती मी चांगल्या, कष्टाळू घरांत पाहिली आहे.

म्हणून पैसे हाती पडल्यावर सर्व्हरवरून ‘डिलिव्हर्ड’ अशी वेगळी नोंद पाठवावी. ऑर्डरी भरपूर असतील तर जाहिरात त्याच नोंदीवर चालवावी. यंत्रणेला नीट शिकायला आठवड्याला साधारण 50 नोंदी लागतात. तेवढ्या नसतील तर निदान व्हॉट्सॲपवर किंवा फोनवर ग्राहकाने होकार दिल्यानंतरच ‘पर्चेस’ पाठवावे. मेटाला मोबाइल क्रमांक पाठवण्याआधी ग्राहकाची संमती घ्यावी, हे 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यालाही धरून आहे.

जाहिरात संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे की, दरमहा अहवालात परत आलेली पार्सले वजा करून आकडा द्या आणि पिक्सेल दुकानदाराच्याच खात्यात ठेवा. उद्योजकता प्रशिक्षण वर्गांत रील कसे करावे हे शिकवतात; त्यातला एक तास या हिशेबाला मिळावा.

— एक वाचक, सोलापूर