कुणी "रिकामीच आहे" म्हटलं तर

वरणगाव

चि. तनू,
अनेक आशीर्वाद.

रायफल शूटिंगच्या उन्हाळी शिबिरातली दहा-बारा वर्षांच्या पोरांची बॅच तुझ्याकडे दिलीय, असं मम्मी सांगत होती. आनंद झाला, थोडी धास्तीही वाटली. धास्ती बंदुकीची नाही, तुझ्या भिडस्त स्वभावाची. कुणाला रागावलीस की तुझंच तोंड आधी उतरतं. रेंजवर ते चालायचं नाही.

तुझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच पोरांनी बंदूक आधी धरलेली असेल, ती सारंगखेड्याच्या नाहीतर दुसऱ्या कुठल्या यात्रेत, फुग्यांच्या स्टॉलवर. तिथे छर्रा भरून तयार बंदूक हातात मिळते, आजूबाजूला रेटारेटी चाललेली असते, आणि फुगा फुटला की पोरगं बंदुकीसकट बापाकडे वळून हसतं. ही वळायची सवय पहिल्याच दिवशी मोडून काढ. रेंजवर ती वेगळ्या तऱ्हेने दिसते. छर्रा अडकला, ट्रिगर दाबूनही काही उडालं नाही, की पोरगं "ताई, हे बघा ना" म्हणत अख्खं तुझ्याकडे फिरतं आणि नळीही सोबत फिरते. त्या वेळी काय करायचं ते छर्रा हातात देण्याआधीच घोटून घे. नळी टार्गेटकडेच, बोट ट्रिगरच्या बाहेर, मोकळा हात वर आणि तोंड बंद. तू त्याच्याकडे जायचंस, त्याने तुझ्याकडे यायचं नाही. पहिला दिवस नुसता यातच गेला तरी जाऊ दे. पोरं कंटाळतील, कंटाळू देत.

आईबापांचं एक वाक्य तुला रोज ऐकावं लागेल, "एअर रायफलच तर आहे." साध्या एअर रायफलीला लायसन्स लागत नाही म्हणून लोकांना ती खेळणं वाटते. शेतात पाखरं हाकलायची बंदूक कोपऱ्यात उभी असतेच, पोरं ती घेऊन हुंदडतात. पण मॅचच्या रायफलीतून 4.5 मिलीमीटरचा शिशाचा छर्रा सेकंदाला साधारण 170 मीटर वेगाने सुटतो. डोळा जायला एवढा पुरतो. म्हणून चष्मा फक्त नेम धरणाऱ्याला नाही, मागे उभ्या असलेल्यालाही. छर्रे ओठांत धरायची खोड असते काहींना, ती लगेच बंद कर. शिसं आहे ते. जेवणाचा डबा उघडण्याआधी सगळ्यांचे हात साबणाने धुऊन घे.

आता "बंदूक रिकामीच आहे" या बोलण्याबद्दल. मी काडतुसांच्या फॅक्टरीत असताना काडेपेटी, बिडी, मोबाइल काही आत नेता येत नसे. गेटवरचा दरवान मला वर्षानुवर्षं ओळखायचा, पोळ्याला आपल्याकडे जेवायला यायचा, पण सकाळी माझे खिसे चाचपल्याशिवाय त्याने कधी आत सोडलं नाही. त्यात त्याचा अविश्वास नव्हता आणि मलाही अपमान वाटला नाही. आत काडतुसांची बारूद होती, एवढं दोघांनाही पुरेसं होतं. तुझ्या पोरांनाही असंच वाटायला हवं. रायफल दुसऱ्याच्या हातून घेतली की स्वतः उघडून बघायची. आत्ताच ताईने बघितली असली तरी बघायची. आणि तू स्वतः, मिनिटापूर्वी तपासून टेबलावर ठेवलेली रायफल परत उचलताना, पोरांना दिसेल अशी पुन्हा उघडून बघ. तुझ्या बोलण्यापेक्षा तुझ्या हाताकडे त्यांचं लक्ष जास्त असतं. तू एकदा आळस केलास की दुसऱ्या दिवशी सगळी बॅच तोच आळस करणार.

"स्टॉप" म्हटल्यावर रायफल खाली, उघडी, नळीत दोरी (आत छर्रा नाही याची खूण), आणि सगळे रेषेच्या मागे. कुणी टार्गेटकडे गेलेलं असेल तोवर कुणीही रायफलीला हात लावायचा नाही, कौतुकानेही नाही. चुकलेल्या पोराला चारचौघांत ओरडू नकोस, पण त्याची त्या दिवसाची पाळी मात्र संपव. यात दयामाया नको.

नेमबाजीच्या जॅकेटचं बघ. 44 अंशांत ते जाड जॅकेट आणि चार-पाच किलोची रायफल बारा वर्षांच्या पोराला झेपत नाही. हात भरून आला की नळी खाली जाते. त्यांना रायफलीखाली टेकू दे आणि सकाळी लवकर उरक.

फोटोंचं भूत आवरणं सगळ्यात अवघड. 2024 साली पॅरिसला स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून नेम धरायचा प्रकार) ब्राँझ मिळवल्यापासून आपल्याकडच्या बापांनाही पोरगं ऑलिंपिकलाच जाईल असं वाटू लागलंय. वाटू दे. पण ते मोबाइल घेऊन समोर उभे राहतात आणि पोराला म्हणतात, "इकडे नेम धर." तिथे भीड नको. फोटो मागूनच काढायचा, नळीत दोरी असताना. कुणी वाद घातला तर मला फोन लावून दे, मी बोलतो.

गवत कापायच्या मशीनची नारिंगी नायलॉनची दोरी पाठवतोय. जाडीला अडीच मिलीमीटरच्या आतली आहे, नळीत अडकणार नाही. नळीतून आरपार जाऊन दोन्ही टोकांना बाहेर दिसेल एवढी लांब ठेव, प्रत्येक रायफलीच्या मापाने तिथेच कापून घे आणि चार-पाच तुकडे जास्तीचे कर, पोरं हरवतात.

तुझा,
पप्पा