सूचना : हयातीचे दाखले आणि आपले सुभेदार आबा

सर्व माजी सैनिक बंधू व सैनिकपत्नी भगिनींनो, १९७१ च्या युद्धात लढलेले आपले सुभेदार आबा गेले. पेन्शन जमा झाली की आधी नातींची फी, मग बाकीचं. आणि नोव्हेंबर लागला की सगळ्या पेन्शनरांचे हयातीचे दाखले (पेन्शन चालू राहण्यासाठी दरवर्षी द्यायचा जिवंत असल्याचा पुरावा) काढून द्यायला मारुतीच्या पारावर सतरंजी टाकून बसायचे; त्यांची शेतात राबून झिजलेली बोटं ओल्या फडक्याने पुसून पुन्हापुन्हा ठशाच्या यंत्रावर टेकवायचे.

हे काम थांबता कामा नये. येत्या रविवारी सकाळी ९ वाजता त्याच पारावर यावे. आधार कार्ड, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, बँक पासबुक आणि मोबाईल आणावा. ठसा उमटलाच नाही तर मोबाईलवर चेहरा दाखवूनही जीवन प्रमाणपत्र, म्हणजे हाच हयातीचा दाखला, निघतं, घाबरू नका.

आबांच्या पत्नी, आपल्या काकू, यांच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचे आहे. सोबत येणाऱ्यांनी आजच कळवावे.