वह्या जपायच्या, पण उघडायच्या कशा? केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थ व कंपनी व्यवहार मंत्री, नवी दिल्ली

महोदया,
सप्रेम नमस्कार.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यांचे आणि काही छोट्या कारखान्यांचे हिशेब मी सांभाळतो. लक्ष्मीपूजनाला लाल वहीवर हळदकुंकू अजून वाहिले जाते, पण कीर्द-खतावणी सगळी कॉम्प्युटरवर.

जीएसटी अपील न्यायाधिकरण सप्टेंबर २०२५ मध्ये एकदाचे सुरू झाले, बरे झाले. पण आता २०१७-१८ सालची प्रकरणेही तिथे जाणार. केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम ३६ सांगते की वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने दप्तर ठेवा. अपील चालू असेल तर निकालानंतर आणखी एक वर्ष, यातले जे उशिरा संपेल ते. २०१७-१८ ची वाढीव मुदत फेब्रुवारी २०२० मध्ये संपली होती. म्हणजे ज्याचे अपील नाही तो फेब्रुवारी २०२६ मध्ये मोकळा. अपिलात अडकलेला कधी मोकळा होणार, ते कोण सांगणार? कंपन्यांना तर आठ आर्थिक वर्षांचे बंधन वेगळेच.

दप्तर ठेवायला आमची ना नाही. पण आमच्या एका व्यापाऱ्याने मधल्या काळात सॉफ्टवेअर बदलले. जुन्याचे वार्षिक भाडे थांबले आणि खाते बंद झाले. बॅकअपची फाइल पेन ड्राइव्हवर जशीच्या तशी आहे, पण ती त्या सॉफ्टवेअरशिवाय उघडत नाही. सॉफ्टवेअर कंपनीचे उत्तर: मागची थकबाकी भरा, मग बघू. पीडीएफ काढून ठेवले होते, त्यात बेरजा आहेत. पण कुठले व्हाउचर कुठल्या खात्यात गेले तो धागा नाही, आणि अधिकारी विचारतात नेमके तेच.

जीएसटी नियम ५७ नुसार बॅकअप ठेवणे, मागितल्यावर नोंदी दाखवणे, पासवर्ड आणि सांकेतिक खुणांचा अर्थ सांगणे, ही सगळी जबाबदारी व्यापाऱ्याची. सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या वाट्याला यातले काहीच नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी प्रत्येक दुरुस्तीचा माग ठेवणारेच सॉफ्टवेअर वापरायचे, हा नियम आपल्याच खात्याने केला. चांगलाच केला. पण तो माग दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता आला नाही तर आठ वर्षे सांभाळून उपयोग काय?

सरकारलाही हे ओझे जड जातेच की! २०२४ मध्ये जीएसटी पोर्टलवरून जुलै २०१७ ची विवरणपत्रे काढून टाकली होती. व्यापाऱ्यांनी ओरड केल्यावर ती परत आणावी लागली. पोर्टलकडे ओरडता तरी येते.

पोर्तुगालने २००८ पासून हिशेबाची एक ठरलेली फाइल सक्तीची केली आहे, कुठलेही सॉफ्टवेअर असो. आपल्याकडे एवढेच करावे: हिशेबाचे सॉफ्टवेअर विकणाऱ्याने सर्व व्हाउचर, खाती आणि दुरुस्त्यांचा माग सरकारने ठरवलेल्या खुल्या, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशा स्वरूपात काढून दिलाच पाहिजे, आणि भाडे संपले तरी कायद्याच्या मुदतीपर्यंत जुने हिशेब नुसते वाचायला उघडले पाहिजेत, नवी नोंद करता आली नाही तरी चालेल. त्यासाठी नवा कायदा नको. जीएसटीच्या नियम ५७ मध्ये आणि कंपनी लेखा नियमांत एकेक पोटनियम घातला तरी पुरे.

आपला,
यार्डातला एक हिशेबनीस