बाबा, निवडणुकीचा निकाल लागला आणि इथे सगळं शांत आहे

कात्र बोर्न, मॉरिशस
१३ नोव्हेंबर २०२४

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, सोमवारपासून तुम्ही टीव्हीसमोरून हलला नाहीत, असं दादा म्हणाला. ऑगस्टमधला बांगलादेशातला हिंसाचार तुमच्या डोळ्यांपुढून जात नाही, कळतंय मला. पण इथे तसं काही नाही हो. रविवारी मतदान, सोमवारी मोजणी. मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० जागा विरोधातल्या नवीनचंद्र रामगुलाम यांच्या आघाडीला. पंतप्रधान असलेले प्रविंद जगन्नाथ स्वतःच्या मतदारसंघातही पडले आणि मोजणी पुरी व्हायच्या आतच त्यांनी हार मान्य केली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा ढोलपुरीवाला (ढोलपुरी म्हणजे इथली डाळपुरी) नेहमीच्या वेळी हजर!

आई, दिवाळीत माझी रांगोळी फेसबुकवर दिसेना म्हणून तू घाबरलीस. तेव्हा पुढाऱ्यांची, पत्रकारांची चोरून टेप केलेली बोलणी बाहेर येत होती, म्हणून सरकारने १ नोव्हेंबरला सोशल मीडियाच बंद केला. लोक इतके चिडले की दुसऱ्याच दिवशी बंदी उठली. मला वाटतं, निकाल तिथेच ठरला.

आणि बाबा, मीही मत दिलं! राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे दोन वर्षं राहिला की मतदार होऊ शकतो. कागदी मतपत्रिका, तीन उमेदवारांपुढे तीन फुल्या. घडी घालताना तुम्हीच आठवलात. इलेक्शन ड्यूटीवरून पहाटे यायचात, मी झोपेतच तुम्हाला बिलगायचे, सदऱ्याला लाखेचा वास असायचा.

आता जे सांगायचं ते सांगते. मी करार आणखी दोन वर्षं वाढवलाय. सही निवडणुकीआधीच झाली, सांगायचा धीर होत नव्हता. घराचं कर्ज फिटेल, ओवीची शाळा मध्येच तुटणार नाही. फक्त दोनच वर्षं, आई. खाण्यापिण्याचे हाल नाहीत. शेजारच्या आजी पाचव्या पिढीतल्या मराठी, दिवाळीला गातो पताट देऊन गेल्या. रताळ्याच्या पारीत खोबरं भरलेली करंजीच ती, फक्त तुझ्यासारखी मुरड नाही, कडा काट्याने दाबतात. मला तुझीच आवडते.

गुडघ्याचं ऑपरेशन माझ्यासाठी लांबवू नका, तारीख घ्या. डिसेंबरात महिनाभर येतोय, तेव्हाचीच घ्या. बाबा, शुगरच्या गोळ्या जेवणाआधी. बातम्या रात्री नऊनंतर बंद.

रागावू नका. आज साडेआठला फोन करते, इथे तेव्हा सात वाजतात. दोघांनी बोला, दादाकडे देऊ नका.

तुमची,
छकुली