आशाताई, तंत्रज्ञ आणि चालकदादांचे आभार

नाशिक परिसरात हृदयशस्त्रक्रिया झालेल्या बाळांवर लक्ष ठेवणाऱ्या, नावानिशी ठाऊक नसलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार.

आर्टेरियल स्विच या बाळांच्या हृदयशस्त्रक्रियेत हृदयातून निघणाऱ्या, उलट जोडलेल्या दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल होते, पण खरी कसोटी लागते ती हृदयाच्या स्नायूलाच रक्त पुरवणाऱ्या, जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या कोरोनरी धमन्यांची. त्या मुळाशी भिंतीच्या चकतीसकट कापून नव्या महाधमनीला शिवतात. तिथे ताण आला, पीळ बसला किंवा पुढे तोंड अरुंद झालं, की हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतं. तान्हं बाळ छातीत दुखतंय हे सांगणार कसं? दूध ओढताना कपाळावर घाम, धाप, फिकट चेहरा, मधेच दूध सोडून रडणं, एवढंच दिसतं. आशाताई, तुम्ही ते पोटदुखीवर ढकललं नाहीत.

ईसीजी तंत्रज्ञांनी बाळ निवांत होईपर्यंत वाट पाहिली आणि जुन्या पट्टीशेजारी नवी ठेवली, म्हणून आलेखाच्या 'एसटी' भागातला, रक्त कमी पडत असल्याचा इशारा देणारा बदल दिसला. शस्त्रक्रियेत हृदयाचे मज्जातंतूही तुटतात, त्यामुळे मोठ्या मुलांनाही दुखेलच असं नाही. इको (हृदयाची सोनोग्राफी) ठीक असूनही सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन, लागू शकते.

कसारा घाटातून मुंबई गाठणाऱ्या चालकदादांनो, निघण्याआधी ऑक्सिजन सिलिंडर तपासता, त्याबद्दलही आभार.