दगडी पाटीवर आकडा आहे, नाव नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी स्वतःच्या खिशातून शॉर्ट फिल्म बनवणारा माणूस आहे, मागे ना बॅनर ना प्रोड्युसर. मागच्या मे महिन्यात भिगवणकडे उजनीच्या बॅकवॉटरला आम्ही नऊ जणांनी चार रात्रीत एक भुताची फिल्म शूट केली. पाणी ओसरल्यावर तिथे जो सपाट चिखल उघडा पडतो ना, तो आमचा इराक. गोष्ट पहिल्या महायुद्धातल्या, इराकमधल्या कुत अल अमारा गावाच्या वेढ्याची आहे आणि पत्र लिहायचं कारण पण तेच आहे.

कुत बद्दल आपल्याकडे फार बोललं जात नाही. डिसेंबर १९१५ मध्ये ब्रिटिश जनरल टाउनशेंडची फौज तिथे टायग्रिस नदीच्या वळणात तुर्कांच्या वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने शरण गेली. त्या फौजेत १०३ आणि ११० मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ मराठा अशा तीन पलटणी होत्या, म्हणजे आपल्या सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची पोरं. घोडे कापून खायची वेळ आली, आपले शिपाई कितीतरी दिवस ते मांस खायला तयार नव्हते, स्कर्व्हीने, म्हणजे व्हिटॅमिन सी न मिळाल्याने होणाऱ्या आजाराने, दात हलायला लागले. शरण गेल्यावर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं, त्यात किती गेले ते वाचवत नाही.

वेढ्यात धान्य दळायला काही नव्हतं म्हणून विमानातून जाती टाकली होती. हे वाचलं आणि मला माझी फिल्म दिसली. आभाळातून जातं पडतं, एक शिपाई रात्री त्यावर दळायला बसतो आणि त्याला जात्यातून घरच्या बाईची ओवी ऐकू येते, आणि इकडे गावाकडे तिच्या जात्याला कोणीतरी समोरून हात लावतंय असं तिला जाणवतं. एवढीच गोष्ट. एका ठिकाणी मला सांगितलं गेलं की मराठी माणूस आणि इराक, प्रेक्षक कनेक्ट होणार नाही. मला फार लागलं ते, कारण कनेक्शन नव्हतं तर ती पोरं तिथे मेली कशी?

तर जात्याचा शॉट. खरंच दगडी जातं हवं होतं, शेजारच्या वस्तीवरच्या एका आजींनी दिलं. जेसीबीच्या बकेटमधून सोडलं, दुसऱ्या टेकला वरची तळी चिरली. मी पाय धरायला गेलो तर आजी रागावल्या नाहीत, म्हणाल्या आधी सांग हे कशासाठी चाललंय. मी सगळं सांगितलं, कुत, पलटण, उपास. त्या उठून आत गेल्या आणि देव्हाऱ्यातला एक टाक घेऊन आल्या, म्हणाल्या हा आमचा खंडोबा, सासूबाईंच्या सासूबाईंपासून पुजतोय. हळदकुंकवाने पार लाल झालेला, वर घोड्यावर बसलेला माणूस. मी उलटा केला तर मागे राजा पंचम जॉर्जचं डोकं. तो पहिल्या महायुद्धाचा चांदीचा मेडल होता, आणि अशा मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. आम्ही मोबाईलच्या टॉर्चमध्ये कडेवरचं कुंकू नखाने हळूहळू खरवडलं. अक्षरं झिजलेली पण नाव वाचता आलं. आजींना ते नाव माहीत नव्हतं. घरातून कोणीतरी "तिकडं" गेला होता एवढंच त्या ऐकून होत्या, तिथी माहीत नाही म्हणून त्याचं पान सर्वपित्रीला वाढतात.

संपादक साहेब, इराकमध्ये बसऱ्याला या युद्धात मेलेल्यांचं जे स्मारक आहे त्यावर आपल्या साध्या शिपायांची नावं नाहीत, पलटणीखाली फक्त आकडा आहे. याबद्दल अशी स्मारकं आणि सैनिकांच्या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये माफी मागितली. पण आपल्या गावात काय आहे? चावडीत, देवळाच्या भिंतीत ज्या जुन्या दगडी पाट्या आहेत त्यावर पण तेच, या गावातून इतके गेले, इतके मेले. शंभर वर्षं आपण त्या पाटीला चुना लावतोय आणि नाव कोणी विचारलं नाही.

या कमिशनच्या ऑनलाइन यादीत पलटण टाकून शोधलं तर शिपायांची नावं निघतात, बऱ्याच नोंदींमध्ये बापाचं नाव, गाव, तालुका पण आहे. इंग्रजी स्पेलिंग वाकडंतिकडं आहे त्यामुळे गावातल्याच माणसाने मोठ्याने वाचलं तर कळतं. एखाद्या ग्रामपंचायतीला किंवा शाळेला हे करायचं असेल तर मी येऊन बसायला तयार आहे, पैसे नकोत. आणि वाचकांना आपल्या पेपरमधून एवढं सांगा की देव्हाऱ्यात, ट्रंकेत, आजीच्या गाठोड्यात असलं काही गोल चांदीचं असेल तर मोडीत घालू नका, आधी त्याची कड बघा.

आजींचं जातं मी छिन्नीने टाकवून आणून दिलंय, चीर आहे तशीच आहे पण दळतं.

आपला,
एक लघुपट दिग्दर्शक, पुणे