मेसमध्ये कुणाबरोबर बसतेस?

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "मी खोली बदलतेय, मला कुणाचीच गरज नाही," आणि फोन ठेवलास. तुझ्यात आणि खोलीतल्या मैत्रिणीत काय झालं ते मी विचारणार नाही. फक्त मेसमध्ये जेवायला कुणाबरोबर बसतेस तेवढं कळव.

तू गेल्यापासून तुझ्या कपाटातली पुस्तकं पुन्हा काढली आहेत. तुला वाचून दाखवायचो तेव्हा माझं अर्धं लक्ष तू झोपलीस का याकडे असायचं. आजी दारातून विचारायची, "या पोरांचे आईबाप असतात तरी कुठे?" खरंच की. हॅरी पॉटरचे गोष्ट सुरू होण्याआधीच गेलेले, 'नेव्हरएंडिंग स्टोरी'तल्या बास्टियनची आई नाही आणि बाप दुःखात बुडून गप्प झालेला. मोठी माणसं घरात असती तर त्यांनी पोरांना उंबरठा ओलांडू दिला नसता, असं मी तेव्हा आजीला सांगायचो. आता वाटतं, घर सुटलेली ही पोरं वाटेत भेटलेल्यांनाच घरचं करून घेतात. एकटं कुणी शेवटापर्यंत पोचत नाही.

हॅरीच्या शेवटच्या भागात त्याचा मित्र रॉन भांडून तंबू सोडून गेला तेव्हा तू पुस्तक मिटलंस आणि किती दिवस हात लावला नाहीस, आठवतं? "तो मित्रच नव्हता," म्हणालीस. मी आता ते प्रकरण सावकाश वाचलं. बाहेर पडताक्षणी त्याला परत फिरायचं होतं, पण तो माणसं पकडणाऱ्या टोळीच्या तावडीत सापडला. सुटून येईपर्यंत हॅरी आणि त्यांची मैत्रीण हर्मायनी यांनी मुक्काम हलवला होता. त्या सकाळी हर्मायनी सामान आवरायला मुद्दाम वेळ लावत होती, हे तेव्हा माझ्या नजरेतून निसटलं होतं. आणि तो परत आला तेव्हा तिनेच त्याला बुकलून काढलं! राग आणि वाट पाहणं, दोन्ही एकाच पोरीच्या पोटात. त्यांच्या शाळेचा म्हातारा मुख्याध्यापक डम्बलडोर, त्याने रॉनला दिवे विझवणारं ते यंत्र दिलं होतं, त्याच्याच आधाराने त्याला वाट सापडली. तो परतू पाहील हे त्या म्हाताऱ्याने आधीच धरलं होतं.

या भांडणात तू रॉन आहेस की हर्मायनी, मला माहीत नाही. कुणीही असलीस तरी खोली बदलण्याची घाई करू नकोस. मैत्रीत आधी कोण बोललं याचा हिशेब ठेवायचा नसतो, दोन पावलं आपण पुढे गेलो म्हणून... बघ, झालं माझं व्याख्यान सुरू. माफ कर. आईने बजावलं होतं, उपदेश नको म्हणून.

'नेव्हरएंडिंग स्टोरी' या मिखाएल एंडेच्या १९७९च्या जाड पुस्तकात बास्टियन आपल्याच मित्रावर, अत्रेयूवर तलवार चालवतो, त्याला जखमी करतो. प्रत्येक इच्छेपायी एक आठवण गमावत शेवटी तो स्वतःचं नावही विसरतो. जीवनजलाच्या झऱ्यापाशी "तू कोण?" असं विचारतात तेव्हा त्याच्या वतीने नाव सांगतो तो अत्रेयूच. इतकी वर्षं मला ही ड्रॅगनची गोष्ट वाटत होती.

तू एवढ्या लांब गेलीस, फॉर्मपासून सगळं स्वतः केलंस, याचा मला किती अभिमान आहे ते तुझ्यासमोर कधी बोललो नाही. ऑफिसात मात्र सगळ्यांना सांगून झालंय. तरी रात्री जेवायला बसलो की तुझं ताट डोळ्यासमोर येतं, आणि तुझ्या शेजारच्या खुर्चीवर कुणी आहे का ते काही दिसत नाही.

हॅरीच्या पाचव्या भागात रॉनच्या आईच्या, मॉलीच्या पुढ्यात तिची भीती एकेका प्रेताचं रूप घेऊन येते. तेव्हा मी ती पानं भरभर वाचून पुढे गेलो होतो, परवा जाता आलं नाही. त्या प्रेतांत हॅरीही आहे, जो तिच्या पोटचा नाही. आणि तिचा मुलगा पर्सी आहे, बापाशी भांडून घर सोडलेला, आईने पाठवलेला स्वेटर परत धाडणारा. शेवटच्या लढाईआधी तो परततो, चुकलो म्हणतो, तेव्हा सगळ्यांत आधी हात पुढे करतो त्याचा भाऊ फ्रेड. आणि त्याच रात्री फ्रेड जातो. हे लिहायला नको होतं बहुतेक. तुला घाबरवायचं नाही गं. मीच घाबरलोय.

काल तुझ्या त्या मैत्रिणीच्या आईचा फोन आला होता. तीही दोन दिवस एकटीच जेवतेय म्हणे, आणि तूच आधी बोलशील याची वाट बघतेय. मी हे तुला सांगणार नाही असं त्यांना कबूल केलं होतं.

तुझा,
बाबा